स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी पेंग्विनचं पिल्लू नेतो, मग माणसानं मधे पडायचं का?

हिप्परगा_तळं:
काल ग्रुपवर कुणीतरी ॲडेली पेंग्विनचं पिल्लू ओढून नेणाऱ्या स्कुआचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "असल्या गुंड पक्ष्याला हाकलायला कॅमेरावाल्याचे हात मोडले होते का?" वाचून डोकंच फिरलं. अरे, स्कुआच्याही घरट्यात दोन पिल्लं असतात, ती काय बर्फ खाऊन जगणार? त्यातलं धाकटं तर बऱ्याचदा थोरल्याच्याच मारानं मरतं, इतकी मारामार असते तिथं. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राकडचे स्कुआ मुख्यतः सिल्व्हरफिश मासा खातात, पेंग्विनच्या वसाहतीत जागा धरून बसणाऱ्या जोड्या थोड्या. एक समोरून डिवचतो, पेंग्विन त्याच्यावर धावला की दुसरा मागून अंडं उचलतो. ह्याला गुंडगिरी नाही, शिकार म्हणतात.

बाळीवेस_ताई:
मला शास्त्र नका शिकवू. माझ्या कोंबडीची पिल्लं घारीनं नेली तेव्हा मी काठी घेऊन धावले, निसर्ग आहे म्हणून बघत नाही बसले. समोर जीव तडफडतोय आणि तुम्ही शूटिंग करताय, ह्याला माणुसकी नाही म्हणत.

हिप्परगा_तळं:
ताई, कोंबडी तुमची, पाळलेली. पेंग्विन कुणाचा?

माळावरचा:
मधे पडायचं नाही म्हणता ना, मग सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर या की ओ! 1979 ला माळढोकसाठी अभयारण्य झालं, पक्षी घालतो एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर, आणि माळावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या. मी स्वतः टिटवीची अंडी खाताना पाहिलीत कुत्री, ओरडलो तर माझ्याच अंगावर आली. सांगितलं सगळ्यांना, कोण ढुंकून बघत नाही. तुम्हाला मात्र अंटार्क्टिकाची पडलीय.

बाळीवेस_ताई:
आता कुत्र्यांच्या जिवावर उठलात? मी रोज चार कुत्र्यांना भाकरी घालते.

माळावरचा:
घाला की, पण घरात ठेवा! माळावर सोडून कसली दया दाखवताय?

हिप्परगा_तळं:
दोघं जरा थांबा. कुत्रं माळावर माणसामुळं आलं, स्कुआ तिथलाच, फरक इथंच आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या मॅक्वारी बेटावर ससे-उंदीर माणसानंच नेले, ते संपवायला 2010-11 मध्ये विष टाकलं, आणि ते मेलेले ससे खाऊन स्कुआही मेले. 2014 ला बेट मोकळं झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे आपली घाण आपण काढायची, पण तीसुद्धा बघून. आणि 2023 ला अंटार्क्टिकाकडच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर बर्ड फ्लू आला तो पहिल्यांदा सापडला तपकिरी स्कुआंमध्येच. मेलेलं खाऊन जागा साफ करणारा पक्षी, रोग आधी त्यालाच गाठतो. त्याला गुंड म्हणताना जीभ कशी रेटते?

बाळीवेस_ताई:
बरं, गुंड शब्द मागं घेते. पण व्हिडिओ मी परत बघणार नाही, आणि कुत्र्यांना उपाशी मारा म्हणाल तर तेही ऐकणार नाही.

माळावरचा:
उपाशी मारा कोण म्हणालं? नसबंदी करा आणि माळावरनं हलवा एवढंच म्हणतोय. सोमवारी निवेदन देतोय. ताई, सही कराल का नाही तेवढं सांगा.

बाळीवेस_ताई:
नसबंदी लिहिलं असेल तर करीन. आधी कागद दाखवा.