विषय: शाळेचे आठ डबे आणि बायोसचा पासवर्ड (तातडीचं)

प्रेषक: सुजाता (रविवार शाळा)
रविवार, १५ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

आज हॉलवर शाळेला दान मिळालेले आठही डबे (जुने संगणक) उघडले. उपास असूनही सहा जण आले, त्यांचे आभार. खिचडीसुद्धा संपली.

अडचण अशी की ऑफिसवाल्यांनी हार्ड डिस्का काढून घेतल्यात (ते ठरलंच होतं), पण बायोसवर (संगणकाच्या मूळ सेटिंग्जवर) त्यांचा पासवर्ड तसाच आहे. एफ२ दाबलं की पासवर्ड मागतो. एफ१२ चालतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू होतं. मिंट (फुकट मिळणारं लिनक्स) सुरू झालं, पण इन्स्टॉल करायला गेलं की आपण घातलेली नवीन डिस्क दिसतच नाही. विंडोज ११ ला डिस्क दिसते, पण "हा पीसी चालणार नाही" म्हणून हात वर करतं. ज्यांनी डबे दिले त्यांना फोन केला. तिथला आयटीचा माणूस डिसेंबरातच नोकरी सोडून गेलाय. दानपत्र आहे, सर्व्हिस टॅगसकट (डब्यांच्या क्रमांकांसकट), त्यामुळे मालकीचा प्रश्न नाही.

शनिवारी २८ तारखेला भाषादिनाच्या कार्यक्रमात मुलांची टायपिंग स्पर्धा आहे. बावीस नावं आली आहेत. कोणाला काही सुचतंय का?

सुजाता


प्रेषक: हेमंत
रविवार, १५ फेब्रुवारी, रात्री ११.२५

सुजाता,

यात एवढं काय? मदरबोर्डवरची बटण-बॅटरी (सीआर२०३२) काढायची, रात्रभर ठेवायची, सकाळी घालायची. पासवर्ड गेला. आम्ही १९९६ पासून हेच करतोय.

आणि मिंटबिंटच्या नादी लागू नका. पालकांच्या घरी विंडोज आहे, मुलांनी विंडोजच शिकावं. विंडोजला डिस्क दिसते आहे ना, मग अडलंय कुठे? एक डबा मी घरी आणलाय, बॅटरी आत्ता काढून ठेवली.

हेमंतकाका


प्रेषक: अनिरुद्ध
सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

> बॅटरी काढायची, रात्रभर ठेवायची

काका, थांबा! १९९६ चे बोर्ड वेगळे होते. या डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०४० मध्ये पासवर्ड बॅटरीवर जगत नाही, फ्लॅश मेमरीत असतो. बॅटरी काढून फक्त घड्याळ जाईल.

बोर्डावर पी-एस-डब्ल्यू-डी असं छापलेल्या दोन पिना आहेत, त्यावर इवलासा जंपर बसवलेला असतो. वीज काढा, पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबून उरलेला करंट घालवा, जंपर उचला, वीज लावा, एकदा चालू होऊ द्या. पासवर्ड पुसला जातो. मग पुन्हा बंद करून जंपर जागेवर बसवायचा, नाहीतर आपल्याला नवा पासवर्ड घालता येणार नाही.

डिस्क न दिसण्याचं कारणही आतच आहे. बायोसमध्ये साटा ऑपरेशन (डिस्क कशी जोडायची ती सेटिंग) "रेड ऑन" वर आहे, म्हणजे अनेक डिस्का एकत्र धरायची पद्धत. आपली नवी एनव्हीएमई डिस्क त्या रेडच्या पदराआड जाते आणि लिनक्सला दिसत नाही. ते "एएचसीआय" (साधी पद्धत) केलं की लगेच दिसेल. म्हणजे दोन्ही गोष्टींचं कुलूप एकच.

आज सुट्टी आहे, अकरा वाजता हॉलवर येतो. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे?


प्रेषक: विश्वास (खजिनदार)
सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. मागच्या वेळी "जरा देतो" म्हणून गेलेली किल्ली गणपतीनंतर मिळाली होती. अकराला येतो.

आठ एनव्हीएमई डिस्कांची पावती मला मिळालेली नाही. कोणी घेतल्या, कोणाच्या कार्डावर? कमिटीच्या बैठकीत "बघू" ठरलं होतं, "घ्या" ठरलं नव्हतं.

दुसरं, विंडोज १० चं घोंगडं पुन्हा गळ्यात नको. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभराची मुदतवाढ तीस डॉलरला मिळते, सेटिंग्ज खात्याशी जोडली तर फुकटही, पण ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, आणि खातं कोणाचं लावायचं? मंडळाचं ईमेल खातं मागच्या अध्यक्षांच्या फोन नंबरला बांधलेलं आहे हे सगळ्यांना आठवत असेल.


प्रेषक: नीलिमा
सोमवार, १६ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

मला तुमचं रेड आणि ब्लू काही कळत नाही. माझा प्रश्न एकच: मुलांना "दुसऱ्या", "तऱ्हा", "सुऱ्या" लिहिता येणार का? गेल्या वर्षी चार मुलांनी "दुसर्या" लिहिलं आणि मी गुण कापले. मग पालकांची मेल आली की दोष कीबोर्डचा. असेल. मी परीक्षक आहे, कीबोर्डची वकील नाही.

आणि ल आणि श मराठी वळणाचे हवेत. गेल्या वर्षी पडद्यावर हिंदी ल होता, कागदावर तिसराच.


प्रेषक: माधव
सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

नीलिमाताईंच्या मुद्द्यावर.

ऱ् ची तक्रार नवी नाही. पुण्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड संगणकात बसवून आम्ही मराठी टाइप करत होतो तेव्हा आमच्या साहेबांना "ऱ्हास" लिहून दाखवल्याशिवाय मागणीपत्रावर सही मिळत नसे. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड १९९१ साली मानकात आला. त्यात र साध्या जे वर, ऱ शिफ्ट-जे वर, हलन्त डी वर. शिफ्ट-जे, डी, मग य. झाला "ऱ्य". तसंच ल एन वर आणि ळ शिफ्ट-एन वर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आठ दिवसांत बोटांना सवय होते. मी सत्तराव्या वर्षी अजून न बघता टाइप करतो.

मुलांना फोनेटिक शिकवून आपण त्यांना आयुष्यभर रोमन लिपीतून मराठीकडे जायची सवय लावतोय, हे कोणी बोलत नाही.


प्रेषक: केतकी (आरवची आई)
सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारी १२.४५

काका, मुलं आठवड्यातून दीड तास येतात. त्यात प्रार्थना, हजेरी आणि समोसा. आठ दिवसांत म्हणजे त्यांच्या आठ रविवारांत, म्हणजे एप्रिल.

आरव घरी फोनेटिकवर छान लिहितो. स्पर्धेत दोन्ही चालू ठेवा ना. आणि क्रोमओएस फ्लेक्स (जुन्या संगणकांवर चालणारी गूगलची प्रणाली) का नाही? शाळेत सगळी मुलं क्रोमबुकच वापरतात.


प्रेषक: हेमंत
सोमवार, १६ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

अनिरुद्ध,

पासवर्ड गेला नाही हे मान्य. पण बॅटरी परत घातल्यावर आता सुरू होताना "कव्हर उघडलं होतं" असा इशारा येतो, आणि मिंट पेनड्राइव्हवरून लावलं तर तारीख खूप मागची. माझा डोंगल लावला तरी आमच्या इमारतीच्या वायफायचं लॉगिनचं पान उघडत नाही, सर्टिफिकेट अजून वैध नाही म्हणतं. वायफाय नाही म्हणून घड्याळ स्वतःहून जुळत नाही, आणि घड्याळ जुळत नाही म्हणून वायफाय नाही. बायोसमध्ये जाऊन तारीख बदलावी तर पासवर्ड.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, माहितीसाठी लिहितोय.

हेमंतकाका


प्रेषक: अनिरुद्ध
सोमवार, १६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

काका, टर्मिनलमध्ये तारीख हाताने घातली की पान उघडेल. उद्या येऊन करतो, चहा ठेवा.

आजचा हिशेब. सात डबे उघडले, सातांचे पासवर्ड गेले. काकांचा आठवा नंतर. पिना शोधायला टॉर्च लागला, आणि दोन डब्यांत इतकी धूळ होती की विश्वासकाका अंगणात जाऊन शिंकत होते. साटा ऑपरेशन एएचसीआय केलं, डिस्का दिसल्या. त्यातल्या चारांवर मिंट २२ बसवलं, प्रत्येकी पंचवीसेक मिनिटं.

आता विंडोजबद्दल, म्हणजे हा वाद एकदाचा मिटेल. हे प्रोसेसर सहाव्या पिढीचे आहेत (आय५-६५००). विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे बसतात. टीपीएम (सुरक्षेची चिप) बायोसमधून चालू केला, अगदी १.२ चा २.० केला, तरी हे डबे यादीत येणार नाहीत. रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढून टाकायची खूण असते, ती केली की बसतं. मी घरी बसवून पाहिलंय, चालतंही चांगलं. महिन्याचे अपडेट येतात. पण दर वर्षीची नवी आवृत्ती अशा डब्याला आपोआप मिळत नाही, पेनड्राइव्ह घेऊन कोणीतरी हाताने चढवावी लागते. आज विंडोज ११ ची २५एच२ आवृत्ती बसवली तर ऑक्टोबर २०२७ पर्यंत निभेल. त्यानंतर आठ डबे घेऊन बसणारा माणूस कोण? मी त्या वर्षी इथे असेन की नाही, माझ्या व्हिसालाच माहीत नाही.

मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि ते कोणीही "हो" दाबून घेऊ शकतं.

क्रोमओएस फ्लेक्सला गूगल खाती लागतात, आपली मुलं आठ वर्षांची आहेत, त्या परवानग्यांच्या भानगडीत शाळेने पडू नये असं माझं मत. केतकीताई, राग मानू नका.

नीलिमाताई, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही घातलेत, वरच्या पट्टीवर टिचकी मारली की बदलतात. "दुसऱ्या" दोन्हींत लिहून पाहिलं. ल-श साठी लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली आणि नोटो सान्स देवनागरी घेतला की मराठी वळण येतं. भाषा हिंदी राहिली तर हिंदी ल दिसतो. गेल्या वर्षी तेच झालं होतं.


प्रेषक: हेमंत
मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

> आठ डबे घेऊन बसणारा माणूस कोण?

मी बसेन. मी निवृत्त आहे.

शिवाय स्मरणिकांचं काय? जुन्या सगळ्या स्मरणिका श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत आहेत. ते फॉन्ट युनिकोड नाहीत, मिंटवर उघडल्या तर बाराखडीचा कचरा दिसतो. नुसते वाचायला नाही, दुरुस्त करून पुन्हा छापायला विंडोज लागणार. एक तरी डबा विंडोजवर ठेवा. माझ्याकडचा ठेवा, तो आधीच माझ्या हाताखालून गेलेला आहे.


प्रेषक: विश्वास (खजिनदार)
मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी ८.५५

हे मला पटतं. सात मिंट, एक विंडोज, तो स्मरणिकेच्या नावाने ग्रंथालयाच्या टेबलावर. हेमंतरावांच्या घरी नाही.

नव्या बायोस पासवर्डबद्दल: घालायलाच हवा, नाहीतर मुलं एफ२ दाबून खेळतील. पण तो कोणा एकाकडे नको. प्रोजेक्टरचा पिन कोणा एकाकडे होता आणि तो नेमका दिवाळीच्या वेळी सोलापूरला होता. लिहून बंद पाकिटात, कपाटात.

पावती अजून नाही.


प्रेषक: माधव
मंगळवार, १७ फेब्रुवारी, दुपारी १.३०

पाकिटातला मजकूर मराठीत लिहावा. निदान चोराला ळ तरी शोधावा लागेल.


प्रेषक: सुजाता (रविवार शाळा)
रविवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

मंडळी,

सातही मिंटवाले डबे आज मुलांनी वापरले. दहा मिनिटं रंगीत खिडक्या बघण्यात गेली, मग कामाला लागली. आरवने इनस्क्रिप्ट निवडलं, हे केतकीला मी सांगितलेलं नाही, माधवकाकांना सांगितलंय. काका नंतर सगळ्यांना शिफ्ट-जे दाखवत फिरत होते.

स्पर्धेसाठी सात-सात मुलांच्या तीन फेऱ्या आणि उरलेल्या एकाला हेमंतकाकांच्या विंडोजवर बसवू. तिथे मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, वेगळं काही घालावं लागलं नाही. कोणाचं मूल तिथे बसेल ते चिठ्ठीने ठरेल, कृपया मला वेगळी मेल करू नका.

हवं आहे: यूएसबीचे तीन कीबोर्ड (आपल्याकडे आलेल्यांत दोनांचं स्पेस अडकतं), एक लांब एक्स्टेन्शन, आणि चार वायफायचे डोंगल, कारण या डब्यांत वायफाय नाही. विश्वासकाका, डिस्कांची पावती माझ्या कार्डाची आहे, शाळेच्या वहीत चिकटवलीय.

एक राहिलं. सोमवारी सातव्या डब्याचा जंपर परत बसलाच नाही. डबा चालतो, पण त्याला नवा पासवर्ड घालता येत नाही. तो उघडला तेव्हा टेबलावर उपासाच्या खिचडीचे आदल्या दिवशीचे साबुदाणे सांडलेले होते आणि नंतर ते टेबल पुसलं गेलं. कोणाच्या खिशात, जाकिटात किंवा डब्याच्या पिशवीत साबुदाण्याएवढी प्लास्टिकची टोपी सापडली तर शुक्रवारी आणा.

सुजाता