‘शितोशितो’ म्हणजे रिपरिप? वाद घाला!

सुशीवडा: मांगावेडा यांनी काल ठोकून दिलंय की जपानी ध्वनिशब्द मराठीत आणताच येत नाहीत, ‘आपल्याकडे तेवढे शब्दच नाहीत’. अहो, चुळबुळ, लगबग, रखरख, मळमळ ही काय आवाजाची नावं आहेत? जपानी ज्याला गिताइगो म्हणतात, म्हणजे आवाज नसलेल्या स्थितीचे शब्द, तेच हे. घोडं अडतं ते आपण जपानी इंग्रजीतून वाचतो म्हणून. तिथे ‘शितोशितो’चा ‘हलका पाऊस’ झाला की आपणही तेच खरडतो. सरळ रिपरिप लिहा की!

मांगावेडा: रिपरिप म्हणजे चिखल, न वाळलेले कपडे, वैताग. शितोशितो शांत पडतो. शिवाय कोरोकोरो म्हणजे गोटी घरंगळते, गोरोगोरो म्हणजे धोंडा. एक अक्षर बदललं की वजन वाढतं. वर गोरोगोरो ढगांनाही, मांजराच्या घुरघुरीलाही आणि रविवारी लोळत पडण्यालाही. द्या एक मराठी शब्द.

सुशीवडा: बांगड्यांची किणकिण, नाण्यांची खणखण, घंटेची घणघण. वाढलं वजन?

निवृत्त_मास्तर: यांना अनुकरणवाचक अभ्यस्त शब्द म्हणतात. ‘ध्वनिशब्द’ कुठून काढलात? आणि जपानी कवी बाशोच्या १६८६ च्या बेडकाच्या हायकूत नुसतं ‘मिझु नो ओतो’ आहे, पाण्याचा आवाज. त्यात ‘डुबुक’ घालणारे भाषांतरकार पदरचं घालतात.

ओसाकातली_सून: व्याकरण राहू द्या हो. सासूबाई इथे आल्या होत्या, रात्री पोटात कळा सुरू. डॉक्टरांनी विचारलं, शिकुशिकु की किरिकिरि? किरिकिरि मला आपली किरकिर वाटली, म्हणून शिकुशिकु सांगितलं. ते मंद दुखणं! किरिकिरि म्हणजे भोसकल्यासारखं. डॉक्टर निवांत, निघाला मुतखडा. सासूबाई अजून ऐकवतात.

रांगडा_गडी: कळ कसली, सणक म्हणा. आणि दाढेचं ‘झुकिझुकि’ म्हणजे ठसठस.

पेठेतला_मी: ठसठसतं ते गळू. दाढ ठणकते.

रांगडा_गडी: आमची ठसठसतीया. पेठेबाहेरच्या माणसास्नी बी दाढा हाईत.

पेठेतला_मी: असतील. प्रमाण मराठीत ठणकतात.

रांगडा_गडी: मग दुखताना तुमची परवानगी काढतो.

ओसाकातली_सून: आमच्याकडे अकोल्यात दोन्ही म्हणतात. मिटवा आता.

निवृत्त_मास्तर: दोन्ही अनुकरणवाचकच.

मांगावेडा: झाली दाढ काढून? ‘शीऽऽन’ राहिलंय, शांततेचा शब्द. नवरा गेलेली बाई रिकाम्या खोलीत बसलीये, मांगातल्या (जपानी चित्रकथेतल्या) चित्रावर एवढंच लिहिलंय. सामसूम? शुकशुकाट?

सुशीवडा: चिडीचूप.

मांगावेडा: चिडीचूप म्हणजे मास्तर वर्गात शिरले!

सुशीवडा: …बरं. तिथे काहीच लिहू नका. कोरं सोडा.

मांगावेडा: म्हणजे भाषांतर होत नाही, असंच ना?

सुशीवडा: एका शब्दाचं. एका! रिपरिप मागे घेतलेली नाही.