रक्त बघवत नाही तरी स्लॅशर सुटत नाही, असं का होतं?

रात्रपाळी:
लोकहो एक विचारायचंय, हसू नका. मला ब्लड टेस्टला सुई टोचतात तेव्हासुद्धा तोंड फिरवावं लागतं, आणि तरी गेले दोन महिने रात्री भांडी आवरली की मी स्लॅशर कादंबऱ्याच वाचतेय. म्हणजे तेच हो, सात-आठ पोरं कुठल्यातरी तळ्याकाठच्या बंगल्यावर जातात आणि एकेक करून कमी होत जातात. शेवटी कोण उरणार ते साधारण पहिल्या प्रकरणातच कळतं, तरी दीड वाजला तरी पुस्तक खाली ठेववत नाही, आणि मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर नवऱ्याला उठवते. तो म्हणतो एवढी टरकते तर वाचतेस कशाला. काय सांगू? भुताच्या गोष्टींनी असं होत नाही, धारप वाचून मी निवांत झोपते.

कडीकोयंडा:
भुताला दार लागत नाही ना. इथे हाडामांसाचा माणूस आहे, त्याला दारातून नाहीतर खिडकीतूनच यावं लागतं, म्हणून आपण सगळा वेळ दाराकडे डोळे लावून बसतो. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा, प्रेक्षकाला माहीत नसताना फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आधीच माहीत असेल तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. स्लॅशरचं दुकान त्या पंधरा मिनिटांवर चालतं, रक्तावर नाही. १९७८ चा 'हॅलोविन' पिक्चर परत बघा, रक्त जवळजवळ नाहीच! दिग्दर्शक कार्पेंटरकडे पैसे नव्हते, खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दोन डॉलरच्या आतला, त्याला पांढरा रंग मारलेला. शूटिंग वसंतात आणि गोष्ट ऑक्टोबरची, म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला परत वापरायची. एवढ्या काटकसरीत भीती कशाने येते तर खुनी लांब कुंपणापाशी नुसता उभा असतो, नायिकेला दिसतो न दिसतो, आपल्याला दिसतो. आपण ओरडून सांगू शकत नाही, बास.

खिडकीतली_मांजर:
कडीकोयंडा, बरंचसं पटलं पण सगळं नाही. मला तरी त्यात मोजदादीची मजा येते, कोण गेलं कोण राहिलं. ॲगाथा ख्रिस्तीने १९३९ मध्येच दहा माणसं बेटावर नेऊन हा खेळ मांडला होता, त्यावरूनच आपल्याकडे १९६५ ला 'गुमनाम' आला, फक्त मध्ये हेलनची गाणी घातली. स्लॅशरने त्यातलं कोडं कमी करून धावाधाव वाढवली, एवढंच. आणि ताई, शेवटी कोण उरणार म्हणालात ना, ती बहुतेक एक पोरगीच असते, तिला कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये 'फायनल गर्ल' असं नावच दिलं. त्यांचं म्हणणं, पिक्चर सुरुवातीला आपल्याला खुन्याच्या नजरेतून बघायला लावतो आणि शेवटी तिच्या बाजूला आणून उभा करतो. मुलगे सुद्धा शेवटी तिच्यासाठीच श्वास रोखून बसतात. बाकी दारू प्यायलेली पोरगी मेलीच पाहिजे आणि अभ्यासू पोरगी जगलीच पाहिजे हा जो आजीछाप हिशोब असतो त्याने माझं डोकं उठतं, पण वाचते. 😬

जुना_पुणेकर:
तुमच्या गप्पा वाचून एक आठवलं. ७६-७७ साली जोशी-अभ्यंकर खून सत्र चालू होतं तेव्हा मी पुण्यात सातवीत होतो. अंधार पडला की रस्ते ओस. आमच्याकडे कोणी कडी वाजवली की आई आधी खिडकीतून आवाज ओळखायची, शेजारच्या काकू असल्या तरी, आणि काकू त्याचं वाईट वाटून घ्यायच्या नाहीत कारण त्याही तेच करायच्या. खुनी कॉलेजातली पोरं निघाली, १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. तेव्हा कोण गेलं कोण राहिलं असं मोजण्यात कोणालाही मजा येत नव्हती. पेपर आला की बाबा आधी स्वतः वाचायचे आणि मग ते पान काढून ठेवायचे. पुढे कॉलेजात मी असली रहस्यं ढिगाने वाचली, तेव्हा मात्र झोप छान लागायची. पुस्तक हातात धरलं की उजवीकडे किती पानं उरलीत ते बोटांना कळतं ना. त्या वर्षी ते कळत नव्हतं, अजून किती बाकी आहे ते.

रात्रपाळी:
काका, अंगावर काटा आला. आणि खरं सांगते, मी फोनवर वाचते, खाली किती टक्के झालं ते दाखवतं, घाबरले की पहिलं तिकडेच बघते, हे आत्ता लक्षात आलं. कडीकोयंडा तुमच्या नावामुळे काल उठून दोनदा कडी बघून आले त्याचं पाप तुमच्या माथी. आता नवीन मागवायचंय, फक्त एक अट, माणसं कितीही जाऊदेत पण कुत्रा मरता कामा नये. आहे का कोणाकडे असं काही?