मदत हवी आहे: खांद्याचा लॅब्रम (सांध्याच्या खोबणीभोवतीची कूर्चेची कड) शिवून घ्यावा की टेनोडेसिस?

माझा नवरा 46 वर्षांचा, इलेक्ट्रिशियन. दिवाळीत माळ्यावरचा डबा काढताना स्टूल सरकलं आणि तो एका हातावर लोंबकळला. तेव्हापासून शर्टाची बाही चढवतानाही खांद्यात टक्क वाजतं, कळ जाते. चार महिने फिजिओ केली, फरक नाही. एमआर आर्थ्रोग्राममध्ये (सांध्यात औषध टोचून केलेला एमआरआय) बायसेप्सचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) जिथे चिकटतो तिथेच लॅब्रम फाटलेला दिसला.

एक सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून हाडात अँकर (धाग्याची छोटी खुंटी) टाकून शिवू. दुसरे म्हणतात, चाळिशीनंतर शिवल्यावर खांदा आखडायची भीती जास्त. टेंडन तिथून सोडवून दंडाच्या हाडात बसवू, म्हणजेच टेनोडेसिस. मला दुसरं पटतंय, पण धीर होत नाही. कुणी हे करून घेतलंय का? झोळी किती आठवडे होती? डोक्यावर हात नेऊन ड्रिल धरणं कधी जमलं? घर त्याच्या हातावरच चालतं हो.