दहा दिवसांची नेपाळ मिशन ट्रिप, जावं का?

आमच्या चर्चचा तरुण संघ नेपाळला चाललाय. मनापासून जायचंय पण दहा दिवसांत आपण तिथे काय देणार, हेच डोक्यातून जात नाहीये. कुणी गेलंय का?

उत्तर १: मी २०१५ च्या भूकंपानंतर सिंधुपाल्चोकला गेले होते. विटा उचलल्या, पण खरं सांगू, तिथल्या गवंड्यांनी ते काम दुप्पट वेगाने केलं असतं. लक्षात राहिली ती पत्र्याच्या शेडमधली शनिवारची उपासना (तिकडे सुट्टी शनिवारी असते), एक आजी माझा हात घट्ट धरून प्रार्थना करत होती, घर तिचं पडलेलं आणि प्रार्थना माझ्यासाठी.

उत्तर २: काय हवंय ते तिथल्या चर्चच्या पाळकांनाच (पास्टरांनाच) विचारा. धर्मांतर करवणं तिकडे गुन्हा आहे, तुम्ही परत याल, त्रास त्यांना होईल.

थँक्यू ताई, दादा. आजच तिथल्या पाळकांना फोन लावतो.