सुभाबूळ ओलीच फोडून विकावी की सुकवून? बेकरीवाल्यानं कोड्यात टाकलंय

बांधावरचा

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातला हाय. ऊस संपला की मी आणि चुलतभाऊ लोकांचं जळण फोडून द्यायला जायचो, मजुरीनं. औंदा पहिल्यांदाच स्वतः माल घेतलाय. गावातल्या एकाच्या बांधावरची 11 सुभाबळी आणि 2 बाभळी, उक्त्या. संगट 3 निलगिरीचे बुंधे तसेच दिले त्यानं, "न्या जावा" म्हणाला. आता कळतंय का ते.

तोडून, फांद्या छाटून, दीड-दीड फुटाचे ओंडके पाडून झालेत. शहरातला एक बेकरीवाला म्हणतो, फोडून आणा, ओलं असलं तर 4 रुपये किलो, सुकं असलं तर 6. आमचा भाऊ म्हणतो सुकवू, दोन रुपये जास्ती कशाला सोडायचे. मला ट्रॅक्टरचं भाडं भागवायचंय, हातात पैसे पाहिजेत. मार्च निम्मा सरला. काय करावं?

दुसरं, निलगिरीच्या ओंडक्यात कुऱ्हाड अशी रुतती की काढायला अर्धा तास. काय चुकतंय?

नाद_खुळा_०९

स्प्लिटर मशीन घे भावा. विषय संपला.

बांधावरचा

मशीन घ्यायला पैसे असते तर लाकडं कशाला फोडली असती भावा.

वखारीतला

वडलांची जळणाची वखार होती, कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या अंगाला. शाळा सुटली की मी काट्यावर. त्यामुळं तुझा हिशोब आधी करतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं धर. जातीप्रमाणं कमी-जास्त असतं, पण धर. 1000 किलो माल म्हणजे 500 लाकूड आणि 500 पाणी. नीट पेटायचं तर त्यात पाचातला एक हिस्सा पाणी राहायला हवं, त्याहून जास्त नको. तेवढं सुकलं की तोच ढीग 625 किलोवर येतो. आता गुणाकार कर. ओला 4 नं 4000. सुका 6 नं 3750. दोन रुपये जास्त घेऊन अडीचशे रुपयांनी खाली आलास, वर गंजी लावायची, राखायची, पावसाची धास्ती. सुक्याला 6 रुपये 40 पैसे मिळाले तर नुसती बरोबरी होते, फुकट राबून. बेकरीवाल्याला हे पक्कं ठाऊक आहे. तुझ्या भावाला सांग.

म्हणून ट्रॅक्टरच्या भाड्यापुरतं ओलं त्याला घाल आणि मोकळा हो. उरलेलं त्याला सुकं नको देऊ. घरोघरी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवणारे अजून आहेत, आचारी आहेत, खानावळी आहेत. गॅस आला, तरी मृगाच्या आधी जळणाची बेगमी करणारी माणसं संपलेली नाहीत. ती मणानं घेतात, मण म्हणजे आमच्या काट्यावर 40 किलो. तिथं भाव तू सांगायचा.

पण सुकवायचं म्हणजे ओंडके रचून ठेवायचे असं नाही. फोड आधी. सालीतनं पाणी फारसं जात नाही, जातं ते टोकांतनं आणि फोडलेल्या अंगातनं. अख्खा ओंडका वर्षभर ठेवलास तरी पोटात ओला निघतो. फोडून, खाली दोन बल्ल्या टाकून, जमिनीला न टेकवता रच, नाहीतर वाळवी आधी जेवती. वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळणाऱ्याच्या मालाला बुरा आलेला मी पाहिलाय. आणि गंजीत हात घालण्याआधी काठीनं वाजवायचं. विंचू तर ठरलेला, आमच्याकडं एकदा घोणस निघाली होती.

निलगिरीचं. तिच्या लाकडाला पीळ असतो, धागा सरळ नसतो. पाडल्या पाडल्या फोडली तर फुटते, सुकत गेली की कुऱ्हाड गिळते. ते बुंधे त्याच्याकडं कधीपासून पडले होते विचार. तरी बघायचं असेल तर मधोमध घाव घालायचा हट्ट सोड. गुळाच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, कडेनं खाप काढतात ना, तसं कडेकडेनं ढलपे काढत आत ये. टोकाला आधीच तडा गेला असेल तर त्याच तड्यावर लोखंडी पाचर धर आणि घण घाल. गाठ दिसली की तिच्यापासनं लांब. सुभाबळीला यातलं काही लागत नाही, ती गुमान फुटते.

कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यात ढिला होतो, रात्री पाण्यात बुडवून ठेव. पाय फाकवून उभा राहा, ओंडका ठोकळ्यावर ठेवून फोड, म्हणजे घाव चुकला तरी ठोकळ्यात जाईल. वडलांच्या नडगीवर चार बोटांची खूण होती. ती ठोकळा नसलेल्या दिवसाची.

सुकवण्याबद्दल माझं मत असं कडू का, तेही सांगतो. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी वखारीत छातीएवढं आलं. दीड वर्ष सुकवलेली सगळी गंजी तरंगत गेली. आठ दिवसांपूर्वी उतरवलेली ओली बाभूळ होती, ती चिखलात जागच्या जागी पडलेली. वडील बघून हसले होते. मला तेव्हा नाही हसू आलं.

पन्हाळ्याखालचा

सुभाबूळ होती म्हणून ठीक. आंबा, चिंच, जांभूळ, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. महापालिका हद्दीत तर कायदाच वेगळा, 1975 चा. गाडी भरण्याआधी वाहतूक पासाचं वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या. रस्त्यात अडवल्यावर "मला म्हाईत नव्हतं" चालत नाही, अनुभव आहे.

चुलीवरची

मी घेणाऱ्यांच्या बाजूनं बोलते. रंकाळ्याकडं माझी छोटी खानावळ आहे, मटण चुलीवरच. दादा, आम्हाला सुकंच लागतं आणि त्याला 7 रुपये द्यायला मी तयार असते, पण सुकं म्हणून जे येतं ते सुकं नसतं. एकानं वरनं पाणी मारून वजन वाढवून दिलं होतं. ओल्या जळणाचा धूर तांबड्या रश्श्यात एक वेळ दडतो, पांढऱ्यात नाही दडत. गिऱ्हाईक पहिल्या घोटाला वाटी खाली ठेवतं.

आता मी दोन ढलप्या एकमेकींवर वाजवूनच घेते. सुकी असली की टणटणते, ओली असली की थप्प. टोकांना बारीक भेगा हव्यात, साल नखानं सुटायला हवी. आणि बाभूळ वेगळी बांधा, सुभाबळीत मिसळू नका. मटणाला बाभळीचा निखारा टिकतो, सुभाबूळ भडकून जाते, ती मी सकाळच्या भाताला वापरते. बंबासाठी मनगटाएवढं बारीक फोडलंत तर गल्लीतल्या चार बायका माझ्या ओळखीच्या घेतील. बारीक फोडायची मेहनत जास्त, तिचे पैसे वेगळे सांगा, लाजू नका.

बांधावरचा

काका, ताई, लई आभार. हिशोब भावाला दाखवला, कॅल्क्युलेटरवर तीनदा केला त्यानं.

तीन आठवड्यांनी लिहितोय. 700 किलो ओलं बेकरीला घातलं, ट्रॅक्टरवाला मिटला. बाकीचं फोडून गोठ्यामागं रचलंय. एका ढलपीवर खडूनं खूण करून किराणा दुकानातल्या काट्यावर दर रविवारी नेतो. पहिल्या दिवशी 4 किलो 200 होती, परवा 3 किलो 300. दुकानदार म्हणतो, हिचं नाव ठेव आता.

ताई, बाभूळ वेगळी बांधलीय. रोहिणी निघायच्या आधी घेऊन येतो, वाजवून घ्या.

वखारीतला

वजन उतरायचं थांबलं की समज झालं. लागोपाठ दोन रविवार तेच भरलं की विकायला काढ. निलगिरीचं काय झालं?

बांधावरचा

एक फुटला, कडेकडेनं, तुम्ही सांगितल्यावानी. पूर्ण एक सकाळ गेली आणि पाचरीचं डोकं चेपलं. दोन तसेच पडलेत. कुणाला अंगणात बसायला पाहिजेत का? स्वतः येऊन न्यायचे.