परदेशातलं खाणं आणि टँगो: तुमचे अनुभव लिहा

टँगो बघायचा असेल तर शोला जा, नाचायचा असेल तर मिलोंगाला. आणि कुठेही जा, आधी नीट जेवून घ्या.

परदेशी मुक्कामात तिथलं खाणं आणि तिथला नाच दोन्ही मनापासून आपलंसं केलेले बरेच जण आपल्यात आहेत, असं गप्पांमधून कळलं, म्हणून हा धागा. सुरुवात मी करते. सध्या मुक्काम अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सला, कारण नोकरी.

मिलोंगा म्हणजे टँगो नाचायला लोक जमतात ती जागा, ती बैठक. ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला पहिल्यांदा नेलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि वेटर अजून टेबलांवर कापड घालत होते! इथे रात्रीचं जेवणच नऊ-दहाला, मग गर्दी बारानंतर होणार यात नवल नाही. मधली भूक भागवायला संध्याकाळची मेरिएंदा असते: कॉफी, नाहीतर 'सुबमारिनो', म्हणजे गरम दुधाच्या ग्लासात सोडलेली चॉकलेटची कांडी. ती ढवळत बसायचं, घाई करायची नाही.

नाचायला विचारायची पद्धत मात्र न्यारी. कोणी उठून टेबलापाशी येत नाही. समोरच्या भिंतीकडेला एक आजोबा बसले होते, निळा सूट, खिशात घडी घातलेला रुमाल. त्यांनी माझ्याकडे बघून हनुवटी जराशी हलवली. मीही मान हलवली, तेव्हा ते उठले. याला काबेसेओ म्हणतात. नको असेल तर नजर वळवायची, चारचौघांत कोणाचा पाणउतारा नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या बोलण्यांनाही ही सोय हवी होती! एका वाद्यवृंदाची तीन-चार गाणी म्हणजे एक तांदा; ती संपली की वेगळ्याच संगीताचा तुकडा वाजतो, त्याला कोर्तिना म्हणतात. मग सगळे जागेवर. आजोबांनी अख्ख्या तांद्यात एकही करामत केली नाही. आम्ही नुसते चाललो, घड्याळाच्या उलट दिशेनं, पुढच्या जोडप्याला धक्का न लावता. क्लासमध्ये पाय उंच फेकायला शिकवतात, पण या गर्दीत तसं केलंत तर कोणाच्या तरी नडगीवर बसेल.

*

ताई, छान धागा. शाकाहारी मंडळींसाठी लिहितो, कारण "तिथे खाणार काय" हा प्रश्न मला विमानतळापासून ऐकावा लागला.

मेदियालुना, म्हणजे तो चंद्रकोरीसारखा पाव, दोन प्रकारचा मिळतो. 'दे मान्तेका' लोण्याचा, फुगीर आणि गोडसर. 'दे ग्रासा' बारीक आणि खारट, त्यात परंपरेनं गाईची चरबी असते. काउंटरवर विचारूनच घ्या. एम्पानादा म्हणजे तिथली सारण भरलेली करंजी; तिच्या पारीतही चरबी असू शकते, त्यामुळे आत मका (उमिता) किंवा कांदा-चीज असलं तरी खात्री करा. एम्पानादाच्या कडेला जी मुरड घालतात तिच्यावरून आतलं सारण ओळखता येतं. काही दुकानं त्याचा तक्ताच खोक्यावर छापतात.

माझं पोट भरलं ते पिझ्झेरियांनी. कोर्रिएन्तेस रस्त्यावर १९३२पासून चालू असलेलं गुएर्रिन आहे. टेबलासाठी थांबू नका, काउंटरशी उभ्यानं खा. फुगासेता मागवा: टोमॅटोचा सॉस नाही, खाली चीज, वर कांद्याचा ढीग. तिच्यावर फाइना ठेवून दोन्हींचा एकदम घास घ्यायचा. फाइना म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं छोल्याच्या पिठाचं जाड धिरडंच. फक्त हिरवी मिरची नाही, तेवढीच खंत. पार्रियात, म्हणजे मांस भाजून देणाऱ्या खानावळीतही प्रोवोलेता मिळते, निखाऱ्यावर भाजलेली चीजची जाड चकती, वर ओरेगानो.

*

मी कोल्हापूरचा, तेव्हा मटणाबद्दल मत असणारच. आसादोला, म्हणजे तिथल्या निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला, मसाला नाही. फक्त मीठ. आधी लाकडं बाजूला पेटवायची, निखारे झाले की थोडे थोडे जाळीखाली ओढायचे, आणि तासन् तास वाट बघायची. भाजणाऱ्याच्या कामात कोणी नाक खुपसत नाही, पण जेवायला बसल्यावर त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी आपण कधी वाजवल्यात? मांसावर घ्यायची चटणी, चिमिचुर्री, दिसते झणझणीत, लागते आंबट. मी कांदा-लसूण चटणीची डबी नेली होती. सहकाऱ्यांनी चाखली आणि पाणी मागितलं.

नाचाबद्दल एवढंच: एका डिनर-शोला भरपूर पैसे मोजले. पाय झकास, जेवण गार. पुन्हा जाणार नाही.

*

मी साठी ओलांडलेली, लेकीकडे गेले होते. मला ब्युनोस आयर्सच्या बेल्ग्रानो भागातली ला ग्लोरिएता फार आवडली. बागेतला गोल चौथरा, वर छप्पर, तिथे संध्याकाळी टँगो चालतो आणि तिकीट नाही. कुणी झुळझुळीत झग्यात, कुणी ऑफिसच्या कपड्यांत. बायका बायकांबरोबर नाचत होत्या, पुरुष पुरुषांबरोबर, त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. मी बुटांतच दोन फेऱ्या मारल्या. रबराच्या तळव्यानं पाय वळत नाही आणि गुडघा पिळतो, तेव्हा माझ्या वयाच्या मैत्रिणींनो, कातडी तळव्याचे जोडे न्या.

आणि महिन्याच्या २९ तारखेला तिथे असाल तर न्योकी खा. बटाट्याच्या त्या गोळ्या त्या दिवशी घरोघरी करतात आणि ताटलीखाली नोट ठेवतात, पुढच्या महिन्यात पैसा टिकावा म्हणून. लेकीनं ठेवली होती. जावयानं ती उचलून दुधाचे पैसे दिले, त्यामुळे निकाल सांगता येत नाही.

*

अर्जेंटिनावाल्यांनो, थोडं उत्तरेकडेही बघा. आम्ही फिनलंडात राहतो आणि इथे टँगो घरचाच झालाय. अकॉर्डियन, बहुतेक उदास चाली, शब्द फिनिश. सेइनायोकी गावात १९८५पासून टँगोमार्किनात हा टँगोचा महोत्सव भरतो, जुलैत. टँगोचे राजा-राणी निवडतात ते गाणाऱ्यांतून, नाचणाऱ्यांतून नव्हे.

एरवी उन्हाळ्यात लोक नाचतात ते तळ्याकाठच्या लाकडी मंडपांत. एका जोडीदाराबरोबर दोन गाणी, मग पुरुषानं बाईला जागेवर पोचवायचं. ठरावीक वेळ बायकांनी विचारायची असते, तेव्हा पुरुष भिंतीला लागून आपली पाळी येते का बघत उभे! बाहेर मोठ्या लोखंडी तव्यावर लेत्तू, म्हणजे पातळ धिरडी, होत असतात, वर स्ट्रॉबेरीचा जॅम. कॉफीबरोबर पुल्ला, म्हणजे इथला गोड पाव, घ्या, त्यात वेलची असते, भारतीय जिभेला पहिल्या घासातच पटतो. जुलैत सेइनायोकीला यायचं असेल तर राहायची सोय आधीच बघा. गाव लहान आहे, खोल्या लवकर भरतात.